दोन मिलिमीटरची धमनी

श्रोतेहो, नमस्कार. लिव्हर ट्रान्सप्लांट झालेला माणूस घरी आला की घरची मंडळी हुश्श करतात. मग हळूच विचारतात, "डॉक्टर, आता बरं वाटतंय, तरी सारखं डॉपलर कशाला?" मला हा प्रश्न फार रास्त वाटतो. डॉपलर म्हणजे वाहिन्यांमधला रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. जवळपास तीन चतुर्थांश येतं आतड्यांकडच्या पोर्टल शिरेतून, उरलेलं धमनीतून. पण पित्तनलिका जगतात त्या या धमनीच्याच रक्तावर. मूळच्या यकृतात धमनी अडली तर आजूबाजूच्या बारीक वाहिन्या धावून येतात. नव्या यकृतात त्या कापल्या गेलेल्या असतात. म्हणून धमनी बंद पडली की पित्तनलिका सुकतात, पू होतो, दात्याने पोट कापून दिलेलं यकृत हातचं जातं.

आपल्याकडे बहुतेक वेळा जिवंत दात्याच्या यकृताचा तुकडा बसवतात. त्याची धमनी दोन-तीन मिलिमीटरची, केसाहून बारीक धाग्याने जोडलेली. लहान मुलांत त्याहून नाजूक. त्या जोडावर ती आकसते किंवा गुठळी धरते.

१९६४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या बाईंच्या पायाची अरुंद धमनी नुसत्या नळीने रुंद केली. पाय कापायला बाईंनी नकार दिला होता. तो पाय वाचला. आज त्याच वाटेने आम्ही जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी यकृतापर्यंत नेतो. फुगा फुगवतो, गरज पडली तर हृदयात बसवतात तसलाच स्टेंट ठेवतो, गुठळीवर थेट औषध सोडतो. पोट पुन्हा उघडावं लागत नाही.

कधी धमनी मोकळी असते, पण फुगलेली प्लीहा, म्हणजे पानथरी, रक्त स्वतःकडे ओढते. नळाला मोटर लावणाऱ्या शेजाऱ्यासारखी. तेव्हा प्लीहेच्या धमनीत धातूची वेटोळी टाकून तो ओढा कमी करतो.

मात्र पहिल्या काही दिवसांत टाके ओले असतात. फुग्याने जोड फाटू शकतो, औषधाने रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी सर्जनने पुन्हा उघडणंच बरं, हे मी मोकळेपणाने सांगतो.

धमनी आकसत असताना माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही, डॉपलरवर मात्र प्रवाह मंदावलेला दिसतो. म्हणून ती तारीख चुकवू नका. स्टेंट असेल तर दात काढायचा म्हणूनसुद्धा रक्त पातळ करणारी गोळी परस्पर थांबवू नका. आणि थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच ट्रान्सप्लांट टीमला फोन लावा.