कोड उडवण्याआधी

इथं गॅरेजवाले आहेत आणि गाडीमालकही आहेत, म्हणून दोघांच्याही कामाचं बोलतो. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला, की धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई होते. पण त्या कोडमध्ये कुठल्याही पार्टचं नाव नाही. हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, एवढंच तो सांगतो. पुष्कळदा सेन्सर खरं बोलत असतो आणि आपण त्यालाच काढून टाकतो. मालकाचे पैसे जातात, दिवा आठवड्यात परत लागतो.

पुढचं काम लाइव्ह डेटाचं, म्हणजे चालू इंजिनाचे स्कॅनरवर दिसणारे आकडे. ऑक्सिजन सेन्सरकडे बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सतत कमी-जास्त करत असतो, तो आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. धडधाकट गाडीत तो शून्याच्या आसपास, साधारण १० टक्क्यांच्या आत राहतो. इंजिन गरम होऊ द्या. समजा आयडलिंगला ट्रिम अधिक २२ टक्के आहे, म्हणजे ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवतोय. आता २५०० आरपीएमला गाडी धरून ठेवा. आकडा ५-६ वर उतरला, तर मोजणीत न आलेली हवा आत शिरतेय. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन घेतं तीच हवा थोडी, त्यामुळे फाटक्या होजमधून (रबरी नळीतून) आलेली हवा त्यात फार मोठी ठरते. रेस केल्यावर तीच गळती किरकोळ होते. उलट चढावर, लोडवर आकडा वाढत गेला, तर होज सोडा आणि पेट्रोलचं प्रेशर मोजा, आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलाय का बघा.

हे गणित एमएएफवाल्या गाडीचं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथं आत शिरलेली हवाही प्रेशरमधून मोजली जाते, म्हणून ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंग मात्र चढतं. कुठली गाडी समोर उभी आहे, हे आधी बघायलाच हवं.

मिसिंगचा, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचा कोड त्या मानानं सरळ. पी०३०१, म्हणजे एक नंबरचा सिलिंडर. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वेगळी कॉईल असेल, तर एक नंबरची कॉईल तीनवर लावा, तीनची एकवर. कोड पी०३०३ झाला तर कॉईल गेली. एकवरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. नवा पार्ट आणण्याआधी फुकटात उत्तर मिळतं. मालकांनी एक लक्षात ठेवा, दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा पार्ट निकामी होतो.

गाडीनं स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याची पद्धत म्हणजे ओबीडी-२. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून. तेव्हापासून स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमधून फ्रीझ फ्रेमही वाचता येते. कोड पडला त्या क्षणी वेग किती, इंजिन किती गरम, लोड किती, सगळं त्यात असतं. थंड इंजिनावरच येणारी तक्रार गरम गाडीवर शोधत बसू नये, म्हणून ही नोंद फार मोलाची. कोड उडवला की ती पुसली जाते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवला, तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं, शिवाय शिकलेला ट्रिमही जातो. तेव्हा मालकांनो, गाडी टाकतानाच मिस्त्रींना सांगा, आधी फ्रीझ फ्रेमचा मोबाईलवर फोटो घ्या, मग काय ते खोला.