चहाच्या पेट्या, दारूची पिंपं

(दृश्य: बॉस्टन बंदर, रात्र)

१६ डिसेंबर १७७३. अमेरिकेतल्या वसाहतींवर तेव्हा इंग्लंडचं राज्य. धक्क्याला तीन जहाजं. वर चढलेली माणसं पेट्या फोडून चहा पाण्यात ओततायत. पण ओहोटी आहे, पाणी उथळ. चहा बुडेना! जहाजांच्या कडेला त्याचे ढीग साचले, ते पसरवायला माणसं लावावी लागली. सुमारे तीन तासांत ३४२ पेट्या रिकाम्या झाल्या.

गंमत म्हणजे हा चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त होता. चीनमधला हा माल ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदामांत तुंबलेला. कंपनी बुडू नये म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटनं तिला तो थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली, पण पौंडामागे तीन पेन्सचा कर कायम ठेवला. ज्या पार्लमेंटमध्ये आपला माणूस नाही, तिचा कर वसाहतींना नको होता. स्वस्त चहा घेतला की करही मान्य केल्यासारखा.

याची शिक्षा म्हणून १ जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद झालं. सप्टेंबरात फिलाडेल्फियात १२ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, इंग्रजी मालावर बहिष्कार ठरला.

इथवर अर्ज आणि ठराव. गोष्ट हातघाईवर आली ती बंदुकीच्या दारूपायी.

(दृश्य: दगडी दारूकोठार)

१ सप्टेंबरलाच इंग्रज सेनापती जनरल गेजनं बॉस्टनजवळच्या कोठारातून २५० अर्धी पिंपं उचलून नेली होती. ऑक्टोबरात राजानं अमेरिकेला शस्त्रं आणि दारू पाठवायला मनाई केली. डिसेंबरात पोर्ट्समथजवळच्या इंग्रजांच्या किल्ल्यावर शेकडो लोक चालून गेले. आत जेमतेम सहा जण. लोकांनी सुमारे १०० पिंपं पळवली.

१९ एप्रिल १७७५ ला सुमारे ७०० इंग्रज सैनिक कॉन्कॉर्ड गावातला वसाहतवाल्यांचा शस्त्रसाठा जप्त करायला निघाले. वाटेत लेक्सिंग्टनला आठ गावकरी पडले. पहिली गोळी कुणाची, हे आजही ठरलेलं नाही. कॉन्कॉर्डचा बराचसा माल आधीच हलवलेला होता. सैनिकांनी हाती लागलेले तोफांचे गाडे पेटवले. धूर पाहून पुलापलीकडच्या टेकडीवरल्या लोकांना वाटलं, गावच जाळलं! ते खाली उतरले, आणि लढाई जुंपली. तळ्यात फेकलेल्या शिशाच्या गोळ्या गावकऱ्यांनी नंतर उपसून काढल्या.

जूनमध्ये बंकर हिलवर वसाहतवाल्यांनी इंग्रजांचे दोन हल्ले परतवले. तिसऱ्या वेळी दारूच संपली.

ऑगस्टमध्ये वसाहतींचा सेनापती वॉशिंग्टननं हिशेब तपासला. कागदावर ३०० हून जास्त पिंपं, कोठारात ३६. खर्च झालेली दारूही शिल्लकीत धरली होती. माणशी नऊ बारसुद्धा निघेनात.

दारूत तीन-चतुर्थांश सोरा नावाचा क्षार. इंग्रजांना तो बिहारातून मिळे, तिथल्या सोऱ्यावर कंपनीचा मक्ता. अमेरिकेत तबेल्याची माती पाण्यात निथळून, राखेतून गाळून, उकळून सोरा काढायचे प्रयोग झाले. पण त्याला महिनोन्‌महिने लागत आणि हाती थोडकंच येई.

(दृश्य: फिलाडेल्फियाचं सभागृह)

मग माल आणायचा परदेशातूनच. फ्रान्स चोरून द्यायला तयार होता, पण राजाशी घरचं भांडण असलेल्या प्रजेशी तह कोण करणार? ७ जून १७७६ च्या प्रस्तावात स्वातंत्र्य आणि परराष्ट्रांशी मैत्री या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. २ जुलैला स्वातंत्र्याचा ठराव झाला, ४ जुलैला जाहीरनामा मंजूर झाला.

ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला एक अख्खी इंग्रज फौज शरण आली. तिच्यावर झाडलेल्या दारूतली बरीचशी फ्रेंच होती. चारच महिन्यांत फ्रान्सनं उघड तह केला.