गोठा मुलांच्या हातचा

मित्रहो, ‘नाताळचे बारा दिवस मुलांबरोबर घरी कसे पाळावेत’ हा माझा आजचा विषय आहे आणि त्या बारा दिवसांकडे मी येणारच आहे; परंतु त्याआधी गोठ्याविषयी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याविषयी, बोलल्यावाचून मला पुढे जाववणार नाही, कारण मुलांचा नाताळ माझ्या मते तिथेच घडतो किंवा बिघडतो.

आपल्या वसईत आता तयार गोठे घरोघरी दिसू लागले आहेत. खोक्यातून निघणाऱ्या त्या गोठ्यात मरिया, योसेफ, मेंढपाळ, तिन्ही राजे, त्यांचे उंट आणि बाळ येशू अशी सगळी मंडळी एकाच पाटावर डिंकाने पक्की चिकटवलेली असतात. डिसेंबरच्या आरंभी तो टीव्हीशेजारी मांडला, की बाळ चोवीसच्या रात्रीआधीच जन्मलेले असते आणि पूर्वेकडचे राजे निघण्याआधीच पोहोचलेले असतात. मग आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीचे, चार आठवडे मुलांनी वाट पाहायची ती कोणाची? १८३९ साली हॅम्बुर्गमधील गरीब मुलांच्या आश्रमात योहान हिन्रिख विखर्न यांना मुले ‘नाताळ कधी येणार’ असे सारखे विचारत, तेव्हा त्यांनी लाकडी चाकावर रविवारसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या बसवून रोज एक पेटवण्याचा क्रम घातला. आगमनकाळाच्या मेणबत्त्यांचे चक्र त्यातून आले. मुलांची घाई त्यांनी दटावली नाही, तिला रोजचे एक काम दिले, हे मला फार मोलाचे वाटते.

आमच्या आजीची रीतही हीच होती. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पसरट डब्यात नाचणी पेरून तिला पाणी घालणे हे मुलांचे काम असे, कारण गोठ्यातली हिरवळ त्यातूनच यायची. पेंढा नुकत्याच झालेल्या भातझोडणीचा असे. गव्हाणी मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत (चर्चमधल्या उपासनेपर्यंत) रिकामी राही आणि बाळाला तिथे निजवण्याचा मान घरातल्या सर्वांत धाकट्याचा असे. राजे पलीकडच्या खोलीतल्या खिडकीपासून निघत आणि रोज संध्याकाळी एक वीत पुढे सरकत. एका वर्षी माझ्या धाकट्या भावाने उंटाला तहान लागली असेल म्हणून त्याला गुपचूप स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाजवळ नेऊन ठेवले, आणि घरभर शोधाशोध झाल्यावर आजीने निवाडा दिला की राजांनी तिथेच मुक्काम करावा. (हशा) आजही तो भाऊ बायबलातील मत्तयच्या शुभवर्तमानातला राजांच्या भेटीचा भाग ऐकताना उंटाची आठवण काढतो, जरी त्या भागात उंटाचा उल्लेख नाही. बैल आणि गाढवही जन्मकथेत नाहीत; ते बायबलातील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातून गोठ्यात आले, आणि १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावी असिसीचे संत फ्रान्सिस यांनी तर गवताने भरलेल्या गव्हाणीशेजारी ती दोन्ही जनावरे जिवंत उभी केली. मुले याविषयी विचारतील तेव्हा उत्तर द्यायला आपण तयार असावे.

अध्यक्ष घड्याळ दाखवीत आहेत, म्हणून बारा दिवसांचे आता थोडक्यात सांगतो. पंचवीस तारखेला नाताळ सुरू होतो, त्या रात्री तो संपत नाही. तेव्हा सव्वीसला तारा उतरवू नका. त्या दिवशी गरजूंना अन्न वाटण्याची सेवा करणाऱ्या संत स्तेफनचा सण असतो, त्यामुळे फराळाची ताटे शेजारी पोहोचवण्याचे काम मुलांकडे द्या. अठ्ठावीसला हेरोद राजाने बाळ येशूच्या शोधात मारलेल्या निष्पाप बालकांचे स्मरण असते. त्या संध्याकाळची प्रार्थना मुलांनी सांगावी आणि मोठ्यांनी तिला प्रतिसाद द्यावा. एक जानेवारी हा देवमातेचा सण आहे, तो नववर्षाच्या गडबडीत हरवू देऊ नका. गोव्यात कासावलीला सहा जानेवारीच्या सणात मुकुट घातलेली तीन मुले घोड्यांवरून टेकडीवरच्या कपेलात (छोट्या प्रार्थनामंदिरात) जातात; शक्य असेल त्यांनी एकदा मुलांना तिथे न्यावे. घरी त्याच दिवशी राजांना गव्हाणीशी पोहोचवा, सोने, ऊद आणि गंधरस यांची गोष्ट वाचून दाखवा, आणि मगच गोठा आवरायला घ्या. नाचणीचे गवत मुलांनाच गाईला घालू द्या.