अ‍ॅपोफिलाइट आणि स्टिल्बाइट : एकाच पोकळीतील दोन खनिजे

आजच्या तुलनेसाठी मी मुद्दाम अशी दोन खनिजे निवडली आहेत, जी जळगाव, नाशिक आणि पुणे परिसरातील बेसाल्टच्या पोकळ्यांत एकमेकांना चिकटून वाढलेली सापडतात आणि विक्रीच्या टेबलावर सर्रास ‘झिओलाइट’ म्हणून एकत्र मांडली जातात. स्टिल्बाइट खरोखरच झिओलाइट आहे. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या त्याच्या त्रिमितीय सांगाड्यात मोकळे मार्ग असून त्यांत सोडियम, कॅल्शियम आणि पाणी सामावलेले असते. अ‍ॅपोफिलाइटच्या रासायनिक सूत्रात मात्र अ‍ॅल्युमिनियम नाहीच. ते थरांच्या रचनेचे सिलिकेट आहे. पाणी दोघांतही आहे आणि संगतही एकच, म्हणून हा घोळ वर्षानुवर्षे चालत आला आहे.

उत्तम नमुना हाती असेल तर आकारावरूनच ओळख पटते. अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक चौकोनी स्तंभासारखे, बाजूंवर उभ्या रेघा असलेले आणि बहुधा वर टोकदार असतात. स्टिल्बाइटचे चपटे स्फटिक मध्यभागी बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना फुलतात. रंगावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. पुण्याजवळील पाषाणच्या खाणींतील प्रसिद्ध हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियमच्या अल्प अंशामुळे आलेला आहे, तर बहुतेक अ‍ॅपोफिलाइट रंगहीन किंवा पांढरेच असते, आणि स्टिल्बाइटही पांढऱ्यापासून फिकट नारिंगीपर्यंत कोणत्याही छटेत मिळते. चमकेनेही फसगत होते, कारण दोन्ही खनिजांचे पाटन (ठरावीक सपाट प्रतलावर फुटण्याचा गुण) एकाच दिशेत उत्तम असून त्या पृष्ठावर दोघांनाही मोत्यासारखी झळाळी असते. काठिण्य थोडे उपयोगी पडते: मोसच्या मापावर स्टिल्बाइट ३.५ ते ४, अ‍ॅपोफिलाइट ४.५ ते ५, म्हणजे ४ काठिण्याच्या फ्लोराइटवर अ‍ॅपोफिलाइटचा ओरखडा उमटतो, स्टिल्बाइटचा उमटत नाही. विशिष्ट गुरुत्व अनुक्रमे सुमारे २.१ ते २.२ आणि २.३ ते २.४ असले, तरी हा फरक तळहातावर जाणवण्याइतका नाही.

खरा निवाडा प्रकाश करतो. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत बसवला, की अ‍ॅपोफिलाइटच्या कडा जवळजवळ दिसेनाशा होतात, कारण त्याचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.५३५ म्हणजे बाल्समच्या अगदी लगतचा असतो. स्टिल्बाइटचा वक्रीभवनांक १.४८ ते १.५१ या दरम्यान असल्याने त्याची कड स्पष्ट उठून दिसते. छेदाच्या खाली-वर दोन ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्या) काटकोनात ठेवले, की अंतर आणखी वाढते. स्टिल्बाइट द्विअक्षी (प्रकाश न दुभंगता जाईल अशा दोन दिशा असलेले) असून त्याचे द्विवक्रीभवन, म्हणजे दुभंगलेल्या दोन किरणांच्या वक्रीभवनांकांतील फरक, साधारण ०.०१० आहे; त्याने या जाडीला गुणले, की ३०० नॅनोमीटरचा पथभेद (एक किरण दुसऱ्याच्या मागे पडण्याचे अंतर) मिळतो आणि व्यतिकरण रंगांच्या पहिल्या श्रेणीतील करडा, पांढरा किंवा फिकट पिवळा रंग दिसतो. अ‍ॅपोफिलाइट चतुष्कोणीय स्फटिकप्रणालीतले, म्हणून एकाक्षी (अशी एकच दिशा असलेले), आणि त्याचे द्विवक्रीभवन जेमतेम ०.००२ असल्याने हिशेबाने केवळ गडद करडा रंग अपेक्षित असतो. प्रत्यक्षात मात्र कित्येकदा कोणत्याही तक्त्यात न बसणारे निळे-जांभळे रंग दिसतात. याचे कारण असे, की त्याचे द्विवक्रीभवन मुळातच इतके अल्प आहे, की प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार होणारा बदल त्याच्या तुलनेत मोठा ठरतो. काही नमुन्यांत एका रंगासाठी ते शून्यावर येते आणि त्यापलीकडे त्याचे धन-ऋण चिन्हच बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी या विचित्र वर्तनाचा बारकाईने अभ्यास केला होता.

संग्रहातील देखण्या नमुन्याचा छेद कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. अशा वेळी तळाशी सुटलेला एखादा कण १.५२ वक्रीभवनांकाच्या तेलात ठेवून सूक्ष्मदर्शकाची नळी किंचित वर घ्यावी. कडेची तेजस्वी रेषा कणाच्या आत सरकली तर ते अ‍ॅपोफिलाइट, बाहेर तेलाकडे गेली तर स्टिल्बाइट.