पर्सियसचं उघडं झाकण

(दृश्य: पहाटेचा पोहण्याचा तलाव. तळातून वर येणारे बुडबुडे.)

पुण्याहून समुद्र गाठायचा तर आधी घाट उतरावा लागतो. तरी कोथरूडच्या या तलावात रविवारी पहाटे सहाला चौघं तळाशी गुडघे टेकून बसलेत. मास्क काढायचा, पाण्यातच परत चढवायचा, नाकाने हवा फुंकून आत शिरलेलं पाणी बाहेर घालवायचं. झालं? परत एकदा.

त्यांना जायचंय ग्रीसला. तिथे केफालोनिया बेटाजवळ, ५२ मीटर खोल, 'पर्सियस' ही ब्रिटिश पाणबुडी बसली आहे.

(दृश्य: काळा पडदा. फक्त पाण्याचा आवाज.)

६ डिसेंबर १९४१ ची रात्र. पर्सियस इटालियन सुरुंगावर आदळली आणि तळाला गेली. आत ६१ माणसं. जॉन केप्स हा इंजिनखान्यातला खलाशी. या बोटीवर तो खरं तर प्रवासी होता. मागच्या भागात टॉर्पेडोच्या रिकाम्या नळीत त्याने अंथरूण केलं होतं, तिथेच तो पडला होता.

दिवे गेले. टॉर्चच्या उजेडात त्याला तीन जखमी जिवंत सापडले. त्यांना त्याने सुटकेच्या झाकणापाशी आणलं, श्वासाची उपकरणं चढवली. मग त्याने जे केलं ते ऐकताना माझा श्वास दर वेळी अडकतो: बाहेरचं पाणी त्याने स्वतःच्या हाताने आत घेतलं. आतला दाब बाहेरच्या दाबाइतका झाल्याशिवाय झाकण उघडणारच नव्हतं. बाटलीतला रमचा एक घोट घेतला आणि तो काळोखात शिरला.

वर आला तो एकटाच. डिसेंबरच्या पाण्यात अंदाजे आठ किलोमीटर पोहून किनाऱ्याला लागला. बेटावरच्या लोकांनी जिवावर उदार होऊन दीड वर्ष त्याला घराघरांत लपवलं, मग नावेतून तुर्कस्तानला पोचवलं.

पदक मिळालं. पण गोष्टीवर सगळ्यांचा विश्वास बसला नाही. इतक्या खोलातून माणूस वर येतो? अशी झाकणं तर बाहेरून बंद केलेली असायची! शिवाय खलाशांच्या यादीत याचं नावही नव्हतं. केप्स १९८५ साली गेला. ग्रीक पाणबुडे पर्सियसमध्ये शिरले १९९७ मध्ये. झाकण उघडं होतं. नळीतलं अंथरुणाचं ठिकाण, तो कप्पा, सगळं त्याने सांगितलं तसंच. त्याची बाटलीसुद्धा तिथेच होती.

(दृश्य: फळ्यावर आकडेमोड.)

तलावावरून सगळे वर्गात येतात. सर फळ्यावर मांडतात: दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे ५२ मीटरवर सहापट. जी टाकी पाण्याच्या वर दोन तास पुरेल, ती तिथे वीस मिनिटंही पुरत नाही. नायट्रोजनने डोकं जड होतं, दारू प्यायल्यासारखं. वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत यायचं, नाहीतर रक्तात बुडबुडे. हौशी डायव्हरची मर्यादा ४० मीटर, म्हणून हे जादा शिक्षण.

"सर, त्या झाकणाला नुसता हात लावला तर?"

"नाही लावायचा गं. बहुतेक माणसं अजून आतच आहेत. आपल्या विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाली, तीही कबरच की. शत्रूची असली म्हणून काय झालं!"

कुणी काही बोलत नाही. ती वहीत 'हात नाही' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढते.

(दृश्य: पुन्हा तलाव.)

पुढचा रविवार. आज मास्कच्या काचांवर काळं कापड चिकटवलंय. भिंत चाचपडत शिडी शोधायची, एवढाच सराव. ती वाट चुकते, कोपऱ्यात अडकते, थांबते. तोंडातून बुडबुडे सुटत राहतात, एकसारखे. मग हात परत भिंतीवर. फरशी, फरशी, सांध्यातली भेग. शिडीची दांडी बोटांना लागते, तेव्हा ती लगेच वर येत नाही. दांडी घट्ट धरून थोडा वेळ खालीच राहते.