सेरिअमची साथ, टर्बिअमचा उजेड

[दृश्य: चंचुपात्रात दोन नितळ द्रावणं एकत्र होतात]

सेरिअम आणि टर्बिअम या दुर्मिळ मृदा धातूंच्या नायट्रेटांच्या द्रावणात अमोनिअम फॉस्फेट पडलं, की क्षणात दुधाळ साका दिसू लागतो. हा साका पाण्यासकट टेफ्लॉनच्या डब्यात भरतात, तो डबा पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या भांड्यात, घट्ट बंद करतात आणि ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसच्या आसपास रात्रभर ठेवतात. वाफ आत कोंडते, दाब चढतो, त्यामुळे इतक्या तापमानालाही पाणी द्रवच राहतं. बारीक कण त्यात विरघळतात, मोठे कण वाढतात. पण सगळ्या बाजूंनी सारखे नाहीत. या स्फटिकात धातूचे आयन आणि फॉस्फेट एका अक्षावर आळीपाळीनं साखळीसारखे जोडलेले असतात. वाढ त्याच दिशेला जोरात होते.

[दृश्य: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली नॅनोरॉड]

म्हणून गोळे न बनता रॉड, म्हणजे अतिसूक्ष्म दांड्या, बनतात.

[दृश्य: अंधार, अतिनील दिवा लागतो, पांढरी पूड हिरवी उजळते]

हा हिरवा उजेड टर्बिअमचा, ५४५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा. गंमत अशी, की टर्बिअमला स्वतःला अतिनील प्रकाश फारसा शोषताच येत नाही. ते काम सेरिअम करतं आणि मिळालेली ऊर्जा शेजारच्या टर्बिअमला देतं. कितीतरी सीएफएल दिव्यांत, लॅन्थनम फॉस्फेटच्या स्फटिकात बसून, हीच जोडी हिरवा रंग देत आली आहे.

रॉड लहान असो वा मोठा, रंग तोच राहतो, कारण टर्बिअमचे प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कवचात सुरक्षित असतात. फरक पडतो तो तेजात. कण जितका लहान, तितके जास्त आयन पृष्ठभागावर उघडे. तिथे चिकटलेलं पाणी त्यांची ऊर्जा कंपनांत घालवतं.

यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. कणाभोवती लॅन्थनम फॉस्फेटचं पातळ कवच चढवायचं. ते स्वतः प्रकाशत नाही, ऊर्जाही पळवत नाही. २००३ मध्ये जर्मन संशोधकांनी अशा कवचधारी नॅनोकणांतून ७० टक्के क्वांटम कार्यक्षमता मिळवली, म्हणजे शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे सत्तर प्रकाशकण बाहेर.

[दृश्य: उजळलेल्या द्रावणात जांभळा थेंब]

कवच नसेल, तर तोच उघडा पृष्ठभाग कामाला येतो. पोटॅशिअम परमँगनेट घातलं, की पृष्ठभागावरच्या सेरिअमचा एक इलेक्ट्रॉन जातो. मग ऊर्जा टर्बिअमपर्यंत पोहोचत नाही आणि द्रावण मंदावतं. त्यात क जीवनसत्त्व घातलं, की सेरिअमला इलेक्ट्रॉन परत मिळतो. हिरवा उजेड किती परतला ते मोजून क जीवनसत्त्वाचं प्रमाण ठरवता येतं, आणि तशी चाचणी याच नॅनोरॉडांवर करून दाखवली गेली आहे.