बर्फाची लादी आणि नेक्टरिनचं झाड

नमस्कार श्रोतेहो. सेलूच्या एका ताईंनी विचारलंय की फळवाल्याकडून आणलेल्या नेक्टरिनची, म्हणजे पहाडात होणाऱ्या त्या पीचसारख्या गुळगुळीत फळाची, कोय धुऊन ठेवलीय, अंगणात लावली तर येईल का? ताई, झाड येईल. फळाचं बघावं लागेल. का, ते सांगतोच, पण त्याआधी परभणीच्या आमच्या मामांचं ऐका. निम्मं उत्तर त्यातच आहे.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि पेन्शनवाल्यांच्या सहलीबरोबर कुलूला जाऊन आले. तिथल्या बागेत त्यांनी नेक्टरिन खाल्लं आणि कोया रुमालात बांधून घरी आणल्या. ओलसर वाळूत घालून डबा फ्रिजमध्ये ठेवला, दोन-अडीच महिने. हे त्यांचं बरोबर होतं. ही कोय ओलसर गारव्यात पडून राहिल्याशिवाय सहसा रुजत नाही. मामींनी तेवढे दिवस त्या कप्प्यात कोथिंबीर ठेवली नाही, एवढंच.

रोप उठलं, दोन पावसाळ्यांत डोक्यावर गेलं. मामांच्या अंगणात माती होती म्हणून. हल्ली घर बांधलं की आधी पेव्हर ब्लॉक येतात. कंपाउंडपासून पायरीपर्यंत ठेचून बसवायचे, तुळस कुंडीत, पावसाचं पाणी थेट रस्त्यावर, आणि एप्रिलात टँकरवाल्याला फोन. मला तर त्या ब्लॉकवर बंदी घालावीशी वाटते. असो.

तर झाड वाढलं, पण फूल येईना. फांदीच्या शेंड्याला पानांचा झुबका आणि मधली फांदी उघडी. मामांनी कोणाला तरी फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “गुरुजी, तुमच्याकडं झाडाला थंडी कमी पडते.”

झालं. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मामा बर्फाच्या कारखान्यात हजर. कारखानदार म्हणाला, “गुरुजी, लग्न कोणाकडं?” मामा काही बोलले नाहीत. गोणपाटात गुंडाळलेली लादी रिक्षात घालून आणली, हातोडीनं फोडली आणि झाडाच्या आळ्यात गोल रचली. वरून पुन्हा गोणपाट. दुसऱ्या दिवशी परत तेच. गल्लीतली पोरं बातमी लागल्यासारखी जमली. स्वेटर, कानटोप्या घातलेली पोरं आणि हातात बर्फाचे खडे. एकानं घरून काला खट्टाची बाटली आणली. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, “हे काय करायलेत गुरुजी?”

मामा म्हणाले, “झाडाला थंडी पाजायलो.”

मामी ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “एवढंच हाय तर मग कूलर लावा की त्याला.”

सगळी गल्ली हसली. मामाही हसले, पण लाद्या चालूच राहिल्या. शेवटी कृषी विद्यापीठात शिकणारा मामींचा भाचा रविवारी जेवायला आला. त्यानं आळ्यातला चिखल बघितला, झाड बघितलं आणि म्हणाला, “मामा, थंडी लागते वर, डोळ्यांना. तुम्ही पाय गार करायलेत.”

श्रोतेहो, हे ध्यानात ठेवा. थंडी फांदीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून पान-फूल फुटतं त्या अंकुरांना लागते, मुळांना नाही. पानं गळाली की हे झाड झोपतं आणि साधारण 7 अंशांच्या खालची थंडी तासातासानं डोळ्यांत जमा होते. पहाडातल्या कित्येक जातींना अशी 600 तासांहून जास्त थंडी लागते. आपल्याकडं परभणीला पहाटे पारा कधी कधी पाच-सहावर येतो, हुडहुडी भरते, पण दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस. पहाटेची कमाई दुपारचं ऊन खाऊन टाकतं. डोळे अर्धवट जागे होतात, तोच तो शेंड्याचा झुबका.

आता गंमत अशी, की मामींचा टोमणा शास्त्राला धरून निघाला. हिवाळ्यात दुपारी फांद्यांवर बारीक पाणी मारलं, की ते उडून जाताना डोळ्यांना गार करतं. कूलरचं तत्त्व तेच. इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी नेक्टरिनवरच हे तपासलेलं आहे. भाच्यानं हे सांगितल्यावर मामींनी मामांकडं असं बघितलं की विचारू नका. पुढच्या हिवाळ्यात मामा रोज दुपारी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभे. फेब्रुवारीत फुलं आली, थोडी, गुलाबी. त्यातली काही फळं टिकली. आणि फळाला हात लावला तर लव! नेक्टरिन गुळगुळीत असतं, हे तर पीच निघालं.

नेक्टरिन म्हणजे लव नसलेलं पीचच. हा गुळगुळीतपणा आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. कुलूच्या बागेत शेजारच्या पीचचा पराग आला असणार, म्हणून कोयीतून पीच उगवलं. मामा मात्र अजून सगळ्यांना नेक्टरिन म्हणूनच खाऊ घालतात.

बोलता बोलता वेळ निम्म्यावर गेली, आता भरभर सांगतो. ताई, कोय लावू नका, कलम आणा. कमी थंडीत येणारी जात मागा. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं मैदानी भागासाठी ‘पंजाब नेक्टरिन’ शिफारस केलेली आहे. फ्लोरिडाची ‘सनरेड’ही कमी थंडीची. तरी दरवर्षी फळ येईलच असं नाही, हे आधी मनाशी धरा.

लावायचं डिसेंबर-जानेवारीत, झाड झोपलेलं असताना. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्यात हे झाड मरतं. म्हणून मुरूम, वाळू, शेणखत मिसळून उंचवटा करा आणि त्यावर लावा. पुन्हा सांगतो, खड्ड्यात नाही, उंचवट्यावर. जमीन चुनखडीची असेल तर पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतील. ती लोहाची कमतरता, युरिया टाकून जाणार नाही. कलमाच्या जोडाखालून फूट आली की लगेच खुडा, ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याची असते.

छाटणी हात आखडून करू नका. फळ गेल्या वर्षीच्या फांदीवर धरतं, त्यामुळं जुनं लाकूड राखून उपयोग नाही. मधला भाग मोकळा ठेवा. फळं सुपारीएवढी झाली की वीतभर अंतरावर एकेक ठेवून बाकीची काढून टाका. मोसंबीवाल्यांना हे पटत नाही, मला माहीत आहे. मार्चपासून खोडाला चुना लावा आणि पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधा. द्राक्षाला डोळे फुटायला लावतात ते औषध घरच्या झाडाला वापरू नका, ते जहाल असतं. फळ पिकायला लागलं की फळमाशी येतेच, कागदी पिशव्या आधीच घालून ठेवा.

आणि कोय फुटली तर आतली बी बदामासारखी दिसते. पोरांना ती खाऊ देऊ नका, तिच्यातून विष तयार होतं. नमस्कार.